खिडकीची रंगीत तालीम

सरांचा आवाज काढायचा असला तं आधी मान डाव्या खांद्याकडं झुकवा लागते. मंग हनुवटी पुढं, डोळे अर्धे मिटलेले, अन उजव्या हाताचं बोट हवेत, जशी काही समोर अख्खी शाळा उभी हाये. अन मंग म्हणायचं, "थांबा! पुन्हा. एन्ट्रीपासून."

बस, इतकंच. मी लग्नाच्या रिसेप्शनमध्ये मिमिक्री करते. वर्धा जिल्ह्यात स्टेज कोणतंही असो, पंगतीत कुठंतरी सरांचा विद्यार्थी बसलेलाच राह्यते. पुढाऱ्यांच्या नकलेले टाळ्या भेटतेत. सरांची नक्कल केली का टक्कल पडलेले काके गुलाबजाम खाली ठेवून सरळ उभे होतेत.

सर आमच्या आंजी गावच्या शाळेत नेमकं काय शिकवत होते, हे कोणालेच धड सांगता येत नाई. कोणी म्हणते भूगोल, कोणी म्हणते चित्रकला. खरं सांगू का, सर गॅदरिंग शिकवत होते. दिवाळी झाली का जी तालीम सुरू व्हायची ते गॅदरिंगच्या दिवशी दुपारपर्यंत. मी पाचवीत असताना झाड झाली होती. झाडाले बोलायचं काहीच नव्हतं, तरी सरांनी मले थांबवलं. "झाड म्हणून आत ये, मुलगी म्हणून नको. पुन्हा!" तालमीत सर असे पुस्तकातलं बोलाचे. तालीम संपली का, नाईतं राग आला का वर्ध्याचं.

रिटायर झाल्यावर शाळा सुटली, तालीम नाई सुटली. कोणाच्या मौताले जायचं असलं तं सर आधी घरी दाराशी चप्पल काढून, भिंतीले टेकून गप्प बसून पाहाचे. त्यायचं हर्नियाचं ऑपरेशन होतं तं आदल्या दिवशी जेवणाच्या टेबलावर चादर पांघरून झोपले, अन काकूले सांगतलं, "तू डॉक्टर. आतून ये आणि म्हण, सगळं व्यवस्थित पार पडलं."

काकू, म्हणजे सरांची बायको, पोळी उलटता उलटता हातातल्या सराट्यासकट आली अन म्हणाली, "झालं."

"भाव नाही. पुन्हा. एन्ट्रीपासून."

अशी तिनं कितीक वेळा एन्ट्री घेतली. शेवटी "सगळं व्यवस्थित" म्हणता म्हणता तिचा गळाच भरून आला. सर चादर बाजूले करून उठले अन तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "हां. आता बरोबर झालं. आता काही होत नाई मले."

हे मले काकूनंच सांगतलं. मी तेव्हा वर्ध्याले लागून सिंदी मेघेत त्यायच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहत होती. दिवसा कुरिअरच्या ऑफिसात पार्सलं, शनिवार-रविवार लग्नात माईक, अन रोज संध्याकाळी खाली सरांच्या आंगणात बैठक.

त्या बैठकीचं काय सांगू! उन्हं उतरली का सर आंगणात पाणी मारत. खुर्च्या मांडत. बाजूचे किराणावाले शेठ दुकान पोरावर सोडून येत. मी येई. चहा येई, मंग कधी चिवडा, कधी भजे, कधी नुसतंच पाणी. शेठ गोष्टी सांगण्यात एक नंबर. गोष्ट अशी ताणत का साबुदाण्याचा पापड लाजला पाहिजे.

आता त्या घराची गंमत ऐका. आंगणाले लागून जी भिंत होती, तिच्या पलीकडंच स्वयंपाकघर. भिंतीच्या अलीकडं आम्ही हसून राह्यलो, पलीकडं काकू कांदा चिरून राह्यली. मधात एका विटेचं अंतर. पण त्या भिंतीले ना दार ना खिडकी. चहा आणायचा तं काकूले स्वयंपाकघरातून मधली खोली, तिथून बैठकीची खोली, तिथून व्हरांडा, मंग पायऱ्या उतरून, पेरूच्या झाडाले वळसा घालून आंगणात या लागे. इकडून ट्रे, तिकडून रिकामे कप. मंग शेठले पाणी. मंग सरांची गोळी.

एक दिवस ती ट्रे घेऊन पायरीवरून घसरली. कप फुटले, गुडघा सुजला. पुण्याहून दादाचा, म्हणजे त्यायच्या मुलाचा फोन आला. "आई, बस झालं. तुम्ही दोघंही इकडं या. ते घर काढून टाकू."

सरांनी फोनवर हसण्यावारी नेलं. पण चार दिवसांनी आंगणात, शेठ गेल्यावर, काकू पायावर शेक घेता घेता म्हणाली, "अवो, मी पुण्याले बाबूकडं जाते."

"जा नं. किती दिवस?"

"राहायलेच."

मी कप उचलून राह्यलती. तशीच थांबली.

सर म्हणाले, "काऊन? गुडघ्याची सूज तं उतरून राह्यली."

"गुडघ्याचं नाई हो काही. माह्या डोक्यात सगळ्या गोष्टी अर्ध्या हायेत."

"म्हणजे?"

"म्हणजे हे. शेठ मागे सांगत होते, गिरडच्या टेकडीवरून स्कूटर निघाली अन ब्रेकच लागेना. मी म्हटलं, भजे जळतीन, पाहून येते. आली तं तुम्ही सगळे पोट धरून हसून राह्यले. मले काय मालूम काय झालं? माह्यासाठी शेठची स्कूटर अजून टेकडी उतरूनच राह्यली. खाली पोचलीच नाई."

मले हसू आलं. काकू हसत नव्हती.

"सारी जिंदगी तुमच्या हसण्याचा आवाजच ऐकला मी भिंतीतून," ती म्हणाली. "कशावर हसले ते नाई. तिथं बाबूकडं एकटी तं एकटी, पण टीव्हीवरची सिरीयल तं पूर्ण पाहीन. पोरांच्या परीक्षा झाल्या का बाबू येणार हाये. त्याच्यासंग जाते. तुमाले यायचं तं या."

सरांकडून 'पुन्हा' नाई, 'एन्ट्रीपासून' नाई. उठून त्या भिंतीजवळ गेले अन बोटाच्या पेरानं टक टक वाजवून पाह्यलं. जसं काही पलीकडून कोणी 'कोण हाये' म्हणन.

सकाळी मी दात घासून राह्यली तं खालून आवाज. "पोट्टे! खाली ये. खिडकी पाडायची हाये!"

मंग जे सुरू झालं ते गॅदरिंगच्या वरचं होतं. सरांनी मांगतलं तं दादानं पुण्याहून मोबाईलवर खिडक्यांचे फोटो पाठवले. मोठमोठे बंगले, स्वयंपाकघराले आंगणाकडून खिडकी, खिडकीले दगडाचा कट्टा, कट्ट्यापुढं उंच स्टुलं, अन आत एक गोरी बाई संत्र्याचा रस काढून राह्यली. सर मोबाईल लांब धरून एकेक फोटो पाहत. "हे घर हाये का हॉटेल?" पण पाहणं सोडत नव्हते.

खिडकीचे इतके प्रकार असतेत हे मले तोपर्यंत मालूमच नव्हतं. सरांनी आंगणात दोरीवर जुनी चादर टाकली, तिच्यात कात्रीनं भोक पाडलं. चादरीच्या मागं काकूले खुर्चीवर बसवलं. पुढं मी. मी म्हणजे पाहुणी. कधी साखर चालत नाई ती पाहुणी, कधी 'राहू द्या, राहू द्या' म्हणत दोन कप पिणारी. मंग मांजर. मंग वांदर, कारण सिंदी मेघेत वांदरांची टोळी आली का आधी स्वयंपाकघर पाहते. एक दिवस तं सर म्हणाले, "आज तू वैशाखातली वावटळ." मी आंगणभर गोल गोल फिरत सुपानं धूळ उडवली. शेठच्या डोळ्यात गेली. सर खूश. "उत्तम! धूळ थेट कढईत. या बाजूला फट नको."

पहिली पसंती होती वर उचलून टेकू द्यायची खिडकी. पुठ्ठ्याचं झाकण करून उचलून पाह्यलं. काकू आतून म्हणाली, "अवो, हा तं पानठेला झाला. आता कोणी म्हणन, एक साधा, चुना कमी."

ती गेली. मंग बाहेर उघडणाऱ्या दोन झडपा. तालमीत सरांनी झडप उघडली अन ती थेट शेठच्या कपाळावर. शेठ म्हणाले, "सर, तुमची तालीम हाये, पण माहं कपाळ खरं हाये."

मंग ॲल्युमिनियमवाला आला. त्यानं सांगतलं, "स्लायडिंग घ्या नं काकाजी. सगळे स्लायडिंगच घेतेत." एक काच सरकवून दाखवली. सरांनी पाह्यलं, पुन्हा सरकवली, पुन्हा पाह्यलं.

"म्हणजे एका वेळी अर्धीच उघडते?"

"हो. दुसरी काच मांगं राह्यते नं."

"अर्धी?" सर एकदम वर्ध्याचं बोलले. "अरे, अर्ध्याचाच तं सारा लफडा हाये! मले अर्धी नाई पाहिजे!"

त्या बिचाऱ्याले काही समजलं नाई. काकू आत मुरमुऱ्याचा डबा उघडत होती. मी पाह्यलं, तिचा हात थांबला.

घडीची ठरली. पाट्या एकावर एक दुमडून सारी बाजूले होतेत, खिडकी अख्खी मोकळी. मंग जाळीवरून वाद. शेजारचे सगळे म्हणे, बिनागजाची खिडकी ठेवता का काय! एक गज तं पाहिजेच, गजाच्या मधातून कप जाते. सरही थोडे डगमगले. काकू म्हणाली, "गजाच्या मांगून चहा देऊ? मी का जेलात हावो?" गज कटले.

राह्यलं माप. चादर तं वाऱ्यानं हलत होती, माप घेता येईना. सर म्हणाले, कडक चौकट पाहिजे. माळ्यावरून घरचा जुना लोखंडी कूलर काढला, गवताच्या ताट्या काढून टाकल्या, मोटार काढली, नुसता चौकोन राह्यला. तो ड्रमवर उभा केला. आतून काकूनं कप दिला, बाहेरून मी घेतला. ट्रे अख्खा गेला. भज्याची परात गेली. काकूचे दोन्ही कोपर टेकले. खुर्चीवरून शेठचं तोंड दिसलं.

"हीच!" सर म्हणाले. "हेच माप. मले पाह्यल्या पाह्यल्या वाटलं, ही साइझ बरोबर हाये."

आमाले सगळ्यायलेच ती साइझ लय ओळखीची वाटली. काऊन वाटली, हे कोणीच विचारलं नाई.

मिस्तरीनं भिंत फोडली तो दिवस मी सुट्टी टाकली. पहिली वीट पडली, दुसरी पडली, धूळ अशी का समोरचं दिसेना. धूळ बसली तं भगदाडात काकूचं तोंड. नाकाले पदर लावलेला, भुवया पांढऱ्या झालेल्या.

"दिसून राह्यली का मी?" तिनं विचारलं.

सरांनी नुसती मान हलवली, लहान पोरासारखी, जोरजोरात.

त्या हिवाळ्यात आमच्या खुर्च्या आपोआप भिंतीकडं सरकल्या. काकू खिडकीच्या कडप्प्यावर कोपर टेकून उभी राहे, नाईतं आत उंच स्टूल ठेवून बसे. भजे तळता तळता तिचा कान बाहेर. पहिल्याच आठवड्यात तिनं शेठले पकडलं.

"शेठ, ती गिरडची स्कूटर. पुढं काय झालं?"

"अहो काकू, किती जुनी गोष्ट!"

"माह्यासाठी नवीच हाये. सांगा."

शेठनं खाकरून सुरुवात केली. टेकडी आली, उतार आला, ब्रेक लागेना आला, मागे बसलेल्या मेहुण्यानं डोळे मिटले ते आलं. काकूनं गॅस बारीक केला.

"मंग?"

"मंग काय, खाली सपाट होतं. थांबली आपोआप. मेहुणा डोळे मिटून विचारते, भाऊजी, मेलो का आपण?"

काकूनं झारा वरच धरला. "बस? इतकंच?"

"हो, इतकंच."

"अन याच्यावर तुम्ही इतके हसले?" मंग तिलेच हसू फुटलं. असं फुटलं का झारा कढईत पडला. तिच्याकडं पाहून आम्ही हसलो, अन त्या दिवशी मले समजलं का शेठच्या गोष्टीत दम नव्हताच कधी. हसणारे जास्त होते, म्हणून चालून जात होतं.

मंग तं काकू गोष्टीत मधेच बोलू लागली. शेठ म्हणत, लग्नाले हजार माणूस होतं, तं आतून आवाज येई, "पंगती दोनच उठल्या होत्या, मी वाढायले होती." शेठची गोष्ट तिथंच बसे. सर खूश होऊन मले डोळा मारत.

पण काकूनं 'जात नाई' असं कधी म्हटलं नाई. जायसाठी काढलेली निळी बॅग पलंगाखाली होती ते होतीच. सर केर काढायच्या बहाण्यानं रोज वाकून पाहत. विचारायची हिंमत नव्हती. विचारायची तालीम मात्र गच्चीवर माह्यासंग झाली.

"तू काकू हो," सर म्हणाले. "मी विचारतो."

मी पदरासारखी ओढणी घेतली, गुडघ्यावर हात ठेवला, हुबेहूब काकू झाली. सरांनी गळा साफ केला. मान खांद्याकडं झुकवली. "तुझा पुढचा विचार काय आहे?"

मी काकूच्या आवाजात म्हटलं, "पुढचा विचार? पोळ्या करायच्या हायेत."

एरवी सर हसले असते. बोट वर गेलं, 'पुन्हा' म्हणायले तोंड उघडलं, अन मिटलं. वाळत घातलेल्या चादरीचा कोपरा उगीच सरळ केला अन खाली निघून गेले. मी ओढणी घेऊन तशीच उभी. आयुष्यात पहिल्यांदा मले माही नक्कल जमलेली आवडली नाई.

उन्हाळा आला. पोरांच्या परीक्षा झाल्या, दादा एकटाच आला. दुसऱ्या दिवशीच्या गाडीची दोन तिकिटं काढूनच आला. तिसरं बाबांनी सांगतलं तं काढू, म्हणे. वर्ध्यातलं ऊन अन पुण्यातून आलेला माणूस; दादा सोफ्यावर असा पसरला जसा कोणी पिळून टाकला.

काकू गल्लीत चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाले गेलती. सर म्हणाले, "पोरगा तळमळून राह्यला. कूलर लावू."

आता आमच्याकडं कूलर लावणं म्हणजे विचार करायचं कामच नसते. उन्हाळा आला, कूलर उतरवला, मोटार बसवली, ताट्या बदलल्या, खिडकीत बसवला. हात आपोआप चालतेत. सर, शेठ, दादा अन मी, चौघांनी कूलर उचलला. बैठकीची खिडकी लहान, दरवर्षी तिथं विटा, तारा, पुठ्ठे लावा लागत. शेठ म्हणाले, "या नवीन खिडकीत पाहा नं." आम्ही स्टँड सरकवला, कूलर ठेवला.

असा बसला! कुठं बोट शिरन इतकी फट नाई. चारी बाजूनं चपखल. दादा म्हणाला, "बाबा, एक नंबर! मापानंच केलेली दिसते." सर अभिमानानं म्हणाले, "मापानंच केली हाये." पाईप लावून टाकी भरली, बटण दाबलं, घरघर सुरू झाली. आम्ही चौघं कंबरेवर हात ठेवून कूलरकडं पाहून राह्यलो, जसं काही आमच्यातल्या कोणाचं लग्न जमलं.

फाटक वाजलं. काकू. कपाळावर हळदीकुंकू, हातात ओल्या हरभऱ्याची पुडी, केसात मोगऱ्याचा गजरा.

"पाह्य, कसा बसला!" सर म्हणाले.

काकूनं पाह्यलं. कूलरकडं पाह्यलं, खिडकीकडं पाह्यलं. खिडकी होतीच कुठं? पत्र्याची पाठ होती.

"मस्त बसला," ती म्हणाली. "जशी त्याच्यासाठीच केली."

तेव्हा माह्या डोक्यात तो ड्रमवरचा सांगाडा आला. मी सरांकडं पाह्यलं. त्यायच्याही आला होता. चेहरा असा उतरला का मले खाली पाहा लागलं.

"नाई, म्हणजे, तसं नाई," सर म्हणाले.

"राहू द्या हो. बाबूले गरम होत असन." तिनं हरभऱ्याची पुडी माह्या हातात देली. "घे वं, वाटून खा." अन पायऱ्या चढून, एक हात गुडघ्यावर ठेवून, आत गेली. जरा वेळानं कूलरच्या घरघरीतूनही ऐकू आलं. पलंगाखालून बॅग ओढल्याचा आवाज. मंग चेन.

मले वाटलं, आता सर तालीम घेतीन. मले काकू बनवतीन, दादाले स्वतःले बनवतीन, काय बोलायचं ते ठरवतीन. सर कूलरजवळ गेले अन दोन्ही हातांनी ओढायले लागले. टाकी काठोकाठ भरलेली. कूलर हलेना. शेठ म्हणे, "सर, पाणी काढल्याशिवाय हलत नाई तो!" सरांनी ऐकलं नाई. "अंदरून ढकलतो," म्हणाले अन चपलेसकट घरात शिरले. व्हरांडा, बैठक, मधली खोली. आम्ही मांगं मांगं. मधल्या खोलीत काकू पाठमोरी बसून साड्या रचत होती, तिनं मान वर केली नाई.

सर स्वयंपाकघरात कूलरच्या समोर जाऊन उभे राह्यले. ढकलायले हात पुढं केले. अन तसेच थांबले.

कूलरची गार हवा थेट त्यायच्या तोंडावर. शर्ट फडफडून राह्यला. ओट्यावरचा कागद उडाला. सरांनी वर पाह्यलं. त्या स्वयंपाकघरात पंखा नव्हता, कधीच नव्हता. गॅस विझते म्हणून लावलाच नाई. त्यायनं ओट्यामागच्या भिंतीले हात लावला अन पटकन काढला. पश्चिमेची भिंत. ऊन सारी दुपार तिच्यावर.

"अरे बाप्पा," सर हळूच म्हणाले. "अन आपण बैठकीत कूलर लावून झोपत होतो."

दादा भिंतीले पाठ लावून खाली फरशीवर बसला. शेठ पाटावर बसले. मी डब्यांच्या फळीखाली. बाहेर आग पडून राह्यलती, इथं गारवा असा का उठायचं मन होईना. सरांनी कूलर ढकलायचं सोडून पातेलं शोधलं. चौथ्या डब्यात साखर सापडली. गॅस पेटवला तं ज्योत आडवी झाली. मंग एका हातात परात आडोशाले धरून, एका हातानं चहा ढवळत उभे राह्यले. बोट वर नाई, मान वाकडी नाई. नुसता एक घामेजलेला माणूस परात धरून.

घर एकदम गप्प झालं म्हणून असन, काकू दारात आली. हातात घडी केलेली साडी.

"अवो, काय करून राह्यले?"

"चहा."

"कोणासाठी?"

"तुह्यासाठी."

"पत्ती आधी टाकली का साखर?"

"संगंच टाकली दोन्ही."

काकूनं तोंड वाकडं केलं. मंग आमच्याकडं पाह्यलं, फरशीवर पसरलेल्या. "अन बाहेर कोण हाये?"

"कोणीच नाई," मी म्हटलं. "सगळे इथंच हावो."

ती आत आली. तिच्या उंच स्टुलावर, कूलरच्या अगदी समोर बसली. पदर उडाला, गजरा हलला. तिनं डोळे मिटून घेतले अन मान जरा मांगं टेकवली. मी सगळ्यायच्या नकला करते, पण तो चेहरा मले आजपर्यंत करता आला नाई.

शेठ म्हणाले, "काकू, स्टँडले चाकं लावून घेऊ. दुपारी कूलर इथं, संध्याकाळी बाजूले ढकलला का खिडकी मोकळी."

"बैठकीत मंग काय?" दादा म्हणाला.

"बैठकीत कोण बसते?" सर परातीमागून म्हणाले. "दुपारी सगळे इथं या. कांदे चिरून देऊ."

काकूनं एक डोळा उघडला. "तुम्ही कांदे चिरान?"

"चिरीन."

"पाहतेच."

चहा झाला. सरांनी गाळला, अर्धा ओट्यावर, अर्धा कपात. काकूनं एक घोट घेतला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडं पाहून राह्यलो. तिनं गिळला. दुसरा घेतला.

दादा उठला. तिकिटाचा विचार त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता. "आई, सकाळची गाडी हाये. बॅग दाराशी नेऊन ठेवू का?"

सरांनी गॅसकडं तोंड केलं. पातेलं उतरलं होतं, तरी परात तशीच धरून उभे. कूलरच्या हवेनं ज्योत विझली, तेही त्यायले दिसलं नाई. मी उठून गॅसचं बटण बंद केलं.

काकूनं कपात फुंकर मारली.

"माळ्यावर टाक तिले," ती म्हणाली. "अन चढलाच तं लोणच्याची बरणी काढ बाबू. कैऱ्या येतीन आता."

सरांचा श्वास मले कूलरच्या आवाजातही ऐकू आला. परात हळूच ओट्यावर ठेवली, काठ भिंतीले टेकवला, अन ते तिथंच खाली बसले, चपलेसकट, शेठच्या बाजूले.

मधल्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मंग माळ्यावरून दादाचा, धुळीनं शिंकत, "आई, मोठी का लहान?"

"मोठी," काकू म्हणाली.